तोंडाला पानं

मी खुळखुळा बोलतोय. वाजत नाही, नुसताच बोलतोय, कारण पोटात माती अडकलीय.

माझी जन्मकथा कागदावर फार गोड आहे. उन्हाच्या विजेवर बनलेला, शंभर टक्के लाकडी, बाळाला निर्धोक, सहा महिन्यांत मातीत मिसळणारा. हे सगळं एका हिरव्या कागदी पानावर छापलंय आणि ते पान माझ्या दांडीवर चिकटवलंय. खरं सांगू? कारखान्याच्या छपरावर दोन सौरपाट्या आहेत, त्यांच्यावर फाटकातला दिवा लागतो. बाकी सगळा कारभार मागच्या डिझेलच्या जनरेटरवर. आणि लाकूड म्हणजे सुतारांकडचा भुसा. बंद शेडमध्ये तो वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कालवायचा, साच्यात दाबायचा, की झालो मी लाकडी!

शेवटच्या टेबलावर पानं चिकटवायला मावशी बसायच्या. सगळे त्यांना पानवाली मावशी म्हणत. त्या शेडमध्ये त्यांना कधी कुणी सोडलं नव्हतं. हातात येईल ते सुबक, पानावर लिहिलेलं ते खरं, असा साधा हिशोब. पान जरा वाकडं लागलं तरी त्यांना खपायचं नाही. माझं लागलं वाकडं. मग मला बाजूला काढून, विचारून, त्यांनी नातीसाठी घरी नेलं.

नात चार महिन्यांची. तिने मला वाजवलं कमी, चावलं जास्त. हिरड्या शिवशिवत होत्या बिचारीच्या. मला तर धन्य वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा मावशींची लेक म्हणाली, "आई, हिच्या तोंडात भुसा येतोय गं. हे काहीतरी भलतंच आहे."

"लाकूड आहे, भुसा येणारच! माझ्या हाताने पान लावलंय मी."

"तुझ्या पानाचं कौतुक पुरे. मातीत मिसळतो ना? मग मिसळून दाखव."

पण मावशींना पुरायची घाई नव्हती. पोरगी वर्षाची होईपर्यंत मला चघळत राहिली. मग तिचं लक्ष उडालं, तेव्हा मावशींनी मला खिडकीतल्या कुंडीत पुरलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली. रोज सकाळी पाणी घालायच्या. मला! जसा काही मी उगवणारच होतो.

सहा महिन्यांनी उकरलं. भुसा कुजून गेला होता. उरली होती पांढरी, भोकाभोकांची, चिवट जाळी. अगदी माझ्या आकाराची. मावशींनी ती नळाखाली धुतली, नखाने खरवडली, वाकवून पाहिली. तुटेना. लेकीने पोरीला उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला मालकांच्या टेबलावर ठेवलं.

मालक खो खो हसले. "अहो मावशी, खुळखुळा वाजवायचा असतो, पेरायचा नसतो!"

सगळी कचेरी हसली. आठवड्याने नवी पानं छापून आली. 'सहा महिन्यांत' गेलं, 'योग्य परिस्थितीत' आलं.

"योग्य परिस्थिती म्हणजे कसली हो?" मावशींनी विचारलं.

"ते ज्याचं त्याने बघावं. तुम्ही चिकटवा."

मावशी चिकटवतात. लेकीचं दुसरं बाळंतपण आलंय, घरात कमावणारे हात हेच. मात्र आता पान वाकडं लागलं तरी त्या सरळ करत नाहीत. लोकांच्या तोंडाला पानं पुसायची, तर ती सरळ कशाला हवीत?

मी फळीवर असतो. परवा नात स्टुलावर चढली, ओळखीचा म्हणून मला उचललं आणि थेट तोंडात घातलं. मावशींनी तिच्या हातावर फाडकन चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा. पोर रडायला लागली, तशा मावशीही तिला पोटाशी धरून रडायला लागल्या. पोरीला कळेना, आजी कशाला रडते.

एकच मागणं आहे, मला पुन्हा पुरू नका. माती शहाणी आहे, तिने मला गिळलं नाही. ही पोर मात्र आठ महिने गिळत होती.