एकंवर शून्य

बी.एस्सी. होऊन मी परतूरच्या शाळेत लागलो ते १९७४ साली. नेमणूक तात्पुरती होती. ती कायम होणार की नाही, हे मार्चमधल्या तपासणीवर ठरायचं होतं. आणि त्याच आठवड्यात मी आठवीला घातांक काढले. मुख्याध्यापक काकासाहेब म्हणाले, क्षेत्रफळ घ्या, मुलांना ते पाठ आहे. मी ऐकलं नाही. मला माझ्या वर्गाची खात्री होती.

पहिल्या दिवशी मात्र ती नव्हती. एक लक्ष म्हणजे दहाचा कितवा घात, असं विचारल्यावर सगळा वर्ग बोटं मोजत पुटपुटला, "एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष," आणि चाळीस जणांनी एकदम सांगितलं, सहावा. पहिलीपासून घोकलेली ही स्थानं. एकं म्हणजे त्यांचं पहिलं बोट. पुढचे दोन तास मी त्यांना फक्त एकाला दहाने गुणायला लावलं. तेव्हा कुठे पाचवा आला.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी सूर्याचं अंतर दिलं, पंधरा कोटी किलोमीटर, आणि सत्यशीलाला फळ्याजवळ बोलावलं. तिने लिहिलं: दीड गुणिले दहाचा आठवा घात.

साहेबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे सरकत गेला. ओठही हलत होते.

"नववा पाहिजे," ते म्हणाले.

दारातून काकासाहेबांनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. मी बोलणारच होतो, पण सत्यशीला आधी बोलली.

"साहेब, तुम्ही एकं बी मोजून राह्यले."

"मग, मोजायचं नाही?"

"त्याला शून्य द्यायचं. एकाला दहानं एकदाबी गुणलेलं न्हाई."

"आम्ही बी असंच चुकल्तो, साहेब," मागून वसंता म्हणाला. वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी खडू घेऊन पंधरा कोटी पूर्ण अंकांत लिहिले, एकाच्या पुढे दशांशचिन्ह दिलं आणि त्यानंतरचे अंक मोजले. आठ.

याला किती तास लागले, त्यांनी मला विचारलं. तीन, मी म्हणालो. नियोजनात एकच होता.

त्यांनी शेरेबुक तिथेच मागवलं आणि उभ्यानेच लिहिलं: शिक्षकास कायम करावे. घातांकास तीन तास द्यावेत.

काकासाहेबांनी ते दोनदा वाचलं. घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती. मी फळा पुसून ०.०००१ लिहिलं आणि वर्गाला विचारलं, हा दहाचा कितवा घात?