तरोट्याचा बेत

माणसाला एखादी हौस असावी, व्यंकटीला तीन होत्या. घरचं चमचमीत खाणं, स्वतःच्या हातानं ग्लासात चार गोष्टी मिसळून केलेली दारू आणि सिनेमा. लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, त्यातल्या एकीत तो कारकून म्हणून लागला. तेव्हापासून दर शनिवारी या तिन्ही हौसा त्याच्या भाड्याच्या घरात एकाच चटईवर येऊन बसायच्या. टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं यायचा. बर्फ पोत्यात गुंडाळून यायचा. दिवेलागणीला कचेरीतले दोघे, हणमंतराव आणि सिद्धराम, भिंतीला सायकली टेकवून आत यायचे. पावसानं ओढ दिली होती, नळाला आठवडाभर पाणी नसायचं, पण बर्फाच्या कारखान्यात लादी मिळत होती. दुष्काळसुद्धा माणूस बघून पडतो.

व्यंकटीची आई सरजाबाई शनिवारी स्वयंपाकघरात सून चांगुणेजवळ बसून असायची. बाहेरच्या खोलीतले बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे फोटो तिनं पहिल्याच शनिवारी आत आणून टांगले होते. त्यांच्यासमोर ग्लास नकोत, एवढंच तिचं म्हणणं. बाकी तिची तक्रार नव्हती. दारू तिला आवडत नव्हती, पण पोरगं मांडी घालून पोटभर जेवतंय हे दाराआडून बघताना तिचा जीव सुपाएवढा व्हायचा.

एका शनिवारी कोंबडीचं हाड चोखता चोखता हणमंतराव म्हणाला, "व्यंकटराव, कोंबडी झाली, मटण झालं, अंड्याची आमटी झाली. आता जिभेला कायतरी येगळं पाह्यजे."

"मला कायबी चालतंय," सिद्धराम म्हणाला. घरी अंड्यालासुद्धा न शिवणारा हा गृहस्थ इथं दुसरी तंगडी खात होता, त्याला काय न चालेल!

व्यंकटीनं मांडीवर थाप मारली. "पुढच्या शनिवारी दुष्काळी बेत! बाहत्तर साली लोक रानातल्या तरोट्याची भाजी खायचे ना, तीच. आमच्या लहानपणी आई अशी करायची, बोटं चाटाल. आई, ऐकलंस का?"

आत सरजाबाईच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. "बघू," ती म्हणाली.

चौदा वर्षांत तिनं तरोट्याला हात लावला नव्हता. त्याचं कारण व्यंकटीला माहीत नव्हतं, आणि त्याला ते कळू नये म्हणूनच ती एवढी वर्षं गप्प राहिली होती.

बाहत्तरला दुष्काळ पडला तेव्हा ती नवऱ्यामागं दोन लेकरं घेऊन रेणापूरकडच्या खेड्यात राहत होती. थोरला व्यंकटी, धाकटी कोंडी. तिचा भाऊ ज्ञानोबा किनवटला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. त्यानं खटपट करून व्यंकटीला तिथल्या होस्टेलात घातलं. एका तोंडाची सोय झाली. कोंडीला घेऊन सरजाबाई सरकारी कामावर खडी फोडायला जायची. तिथं मजुरांना आणि त्यांच्या लेकरांना सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, गुळाची, गोड. मायलेकी तीच खाऊन होत्या. मग एकदा गावी आलेला ज्ञानोबा म्हणाला, "अक्का, पोरगं म्हनतंय होस्टेलात पोट भरत न्हाई. रडून राहिलं होतं."

तेव्हापासून दोघींची सुकडी फडक्यात बांधली जाऊ लागली आणि ज्ञानोबाच्या फेरीला किनवटला जाऊ लागली. सरजाबाई मजुरीतली भाकर चतकोर करून खायची आणि कोंडीला बांधावरचा तरोटा उकडून घालायची. नुसता मिठाचा. तेल नाही, डाळ नाही. कोंडी फडक्याकडं बघत बसायची. एकदाच तिनं हात पुढं केला, तेव्हा सरजाबाईनं तो झटकला. "दादा उपाशी हाय," ती म्हणाली. कोंडी शहाणी पोर, पुन्हा मागितलं नाही. पुढं तिला ढाळ लागले. खडीच्या ढिगाशेजारी बाभळीच्या सावलीत निजवलेली पोर संध्याकाळी उठलीच नाही.

व्यंकटीला कळवलं, ताप आला होता. बारा वर्षांच्या पोराला काय सांगायचं, तुझ्या घासापायी बहीण गेली? आईला जे सोसवत नव्हतं ते लेकाच्या डोक्यावर कशाला द्यायचं? पुढं तो शिकला, नोकरीला लागला, लग्न झालं, आणि ते सांगायची वेळ कधी आलीच नाही. सरजाबाईनं मनाशी एक हिशेब मांडून ठेवला होता. दोन मरायची होती, एक वाचलं. त्या हिशेबावरच ती जगत होती.

आता भाजी करायला नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार. एक दिवसाचा प्रश्न आहे, करून मोकळं व्हावं, असं तिनं ठरवलं.

यंदा पाऊस नावाला पडला होता. पिकांना पुरला नाही, पण तरोट्याला पुरला. शनिवारी सकाळी ती रुळाकडच्या पडीक जागेत गेली आणि कोवळा पाला खुडून ओटीत भरून घेऊन आली. घरी आल्यावर तुरीची डाळ शिजवली, सढळ तेलात लसूण परतला, हिरव्या मिरच्या ठेचून टाकल्या. असा वास सुटला की शेजारीण डोकावून गेली. सरजाबाईला त्या वासाचा राग आला. एवढी चव असते या पाल्याला, आणि माझ्या लेकीनं तो मिठाच्या पाण्यात खाल्ला.

चांगुणेनं मीठ बघायला भाजी बोटावर घेतली. "आत्या, लई भारी झाली. तुमी बघा की."

"मला नको," सरजाबाई म्हणाली.

संध्याकाळी मंडळी जमली. व्यंकटीनं रममध्ये मोसंबीचा रस पिळला, काळं मीठ टाकलं, बर्फ फोडून घातला आणि ग्लास उंच धरला. "हे दुष्काळी कॉकटेल!" दोघं हसले. व्हिडिओवर डाकूंचा सिनेमा लागला. घोडे धावत होते, धूळ उडत होती. चांगुणेनं ताटं मांडली. पहिल्याच घासाला हणमंतरावानं मान डोलावली.

"एक नंबर, काकू! बाहत्तरला आमच्याकडं पेवात ज्वारी होती, तरी आजी एखाद्या दिवशी हौसेनं तरोटा करायची. पण त्याला ही चव नव्हती."

सरजाबाई उंबऱ्यात बसून वाढत होती. भाकर द्यायची, भाजी द्यायची, आत जायची नाही. आज कोण कसा खातो हे तिला बघायचं नव्हतं, आणि तिथून हलवतही नव्हतं.

दुसरा ग्लास संपला तसा व्यंकटी रंगात आला. "मला सिनेमाचा नाद कुठं लागला सांगू? किनवटला. बाजारात तंबूचं टॉकीज यायचं. तिकिटाला पैसे कुठले? पण दारावरचा माणूस गोडखाऊ. आई मामाजवळ सुकडी पाठवायची, गाठोडंभर. गाठोडं त्याच्या हातात ठेवलं की मी तंबूत! असे किती सिनेमे बघितले म्हणून सांगू."

"अन् तू काय खायचास?" सिद्धरामनं विचारलं.

"होस्टेलात भाकर-वरण पोटभर मिळायचं की. सुकडीच्या वासानं तर मळमळायचं मला."

"मग आई पाठवायची कशाला?"

व्यंकटी डोळे मिचकावून हसला. "मामाजवळ रडायचो ना! पोट भरत न्हाई म्हणायचो. त्याशिवाय सुकडी कशी आली असती?"

हणमंतरावाला हसता हसता ठसका लागला. सिद्धरामनं त्याच्या पाठीत थापट्या मारल्या.

सरजाबाईच्या हातात अर्धी मोडलेली भाकर होती. आपण काय ऐकलं ते तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या लेकाचा राग आला, साधासुधा नाही, त्याच्या हसत्या तोंडात मारावं असा राग. पाठोपाठ तिला हेही दिसत होतं की ते बारा वर्षांचं पोर होतं, त्याला सिनेमा बघायचा होता, त्याला काय ठाऊक! ती गप्प बसलीही असती. चौदा वर्षं बसली होती, आणखी चौदा बसली असती.

पण व्यंकटी घास घोळवत म्हणाला, "कोंडीची मजा होती बघ. आईजवळ राहायची, रोज ही भाजी खायची."

"व्यंकटी," सरजाबाई म्हणाली, "कोंडी तापानं न्हाई गेली."

"आता ते कशाला, आई?"

"तुझ्या गाठोड्यात तिची सुकडी होती. तिची अन् माझी. तिला मी हाच पाला घातला, मिठाचा, दुसरं कायबी न्हाई. ढाळ लागून गेली ती. तिनं एकदा सुकडीला हात लावला तर मी झटकला. तू उपाशी हाईस म्हनून."

टीव्हीवर गोळीबार चालला होता. सिद्धरामनं पुढं होऊन आवाज कमी केला. हणमंतरावानं हात धुवायला तांब्या शोधला, दिसला नाही, तसा रुमालालाच पुसला. "येतो, काकू," एवढंच तो म्हणाला. बाहेर दोघांच्या सायकलींची खडखड झाली आणि दूर गेली.

व्यंकटी तसाच बसला होता. त्यानं ताट जवळ ओढलं आणि भाकरी बाजूला सारून नुसती भाजी खायला लागला. मूठभर, मग आणखी मूठभर. ती संपली तसं त्यानं हणमंतरावाचं अर्धं टाकलेलं ताट ओढलं, मग सिद्धरामचं. घास नीट चावतही नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं की कशाचं ते त्यालाच ठाऊक.

"अवो, काय करून राहिले तुमी?" चांगुणेनं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला.

"पुरे, बाबा, पुरे," सरजाबाई त्याच्यासमोर येऊन बसली. "तुझी चूक न्हाई. लेकरू होतास तू. हात झटकला तो मी."

तिला हे नको होतं. कोंडीसाठी रडायला घरात आणखी एक माणूस असावं, एवढंच तिला हवं होतं. पण आता तिचा हिशेबही मोडला होता. जे पोर उपाशी नव्हतंच त्याच्यासाठी ती एकीला घालवून बसली होती, आणि जो वाचला म्हणून ती जगली, तो समोर ओकारी दाबत पाला गिळत होता.

त्यानं रिकामं ताट तिच्यापुढं धरलं. तिच्याकडं बघितलं नाही.

"वाढ," तो म्हणाला.

या पोरानं वाढ म्हटलं आणि सरजाबाईनं नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. तिनं पातेलं पुढं घेतलं आणि वाढलं.