धक्क्याचं पाणी

शिंपले सोलायच्या त्या शेडमध्ये वहिनीचा शब्द शेवटचा. होती ती एकट्या धाकट्याची, तिथंच काम करणाऱ्या दिराची, वहिनी, पण तो दिवसभर तिला हाका मारी, म्हणून शेडमधल्या बाराही बायका तिला वहिनीच म्हणू लागल्या होत्या. सुरी कशी धरायची, टोपली किती भरायची, कुणी किती बडबड करायची, सगळं तीच ठरवायची. कुणाचं बोट कापलं तर औषधही तिचंच. दाराशी धक्क्यावरून आणलेल्या खाऱ्या पाण्याची बादली असे. त्यात हात बुडवायचा, "आई गं" म्हणायचं आणि पुन्हा कामाला बसायचं. वीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे तिचा रुबाब डॉक्टरपेक्षा काकणभर जास्तच होता.

चार दिवसांपूर्वी आरोग्य खात्याचा माणूस एक कागद घेऊन आला. उन्हानं पाणी कोमट झालंय, त्यात जंतू वाढलेत, धक्क्याचं पाणी उचलू नका, जखमेला तर लागूच देऊ नका, शिंपले नीट शिजवूनच खा. वहिनीनं सही केली. तो वळताच म्हणाली, "नळाच्या पाण्यात ठेवले की शिंपले मरतात, हे या शहाण्याला कोण सांगणार?" बायका हसल्या. पाणी तिथूनच येत राहिलं.

काल दुपारी सुरी सटकली आणि धाकट्याचा तळहात चांगला इंचभर चिरला. वहिनीनं त्याचं मनगट धरून हात बादलीत दाबला.

"वहिनी, झोंबतंय गं!"

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. एवढा बाप्या झालास, गप बस."

आज सकाळी तो उठलाच नाही. हात कोपरापर्यंत टम्म सुजलेला, कातडीवर जांभळे फोड, अंग तापानं फणफणलेलं. नवरा बोटीवर, परतायला दोन दिवस. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिनं दिराला दवाखान्यात नेलं तेव्हा नऊ वाजले होते.

तरुण डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, जुने आजार विचारले. दोनदा कावीळ झाली, यकृत अधू झालंय, हे वहिनीनं घडाघडा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "जखम झाल्यावर काय लावलं होतं? समुद्राचं पाणी लागलं होतं का?"

वहिनीनं तोंड उघडलं, पण धाकटा आधी बोलला. "नाही. नळाखाली धुतला हात."

आणि त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती नजर तिला ओळखीची होती. तो लहान असताना दुधाचं भांडं तिच्या हातून सांडलं की "मी सांडलं" म्हणून सासूसमोर उभा राहायचा, तेव्हाही तो असाच बघायचा. तिच्या सहीचा कागद, शेड, बारा बायकांची रोजीरोटी, सगळं त्यानं त्या एका वाक्यात पाठीशी घातलं होतं. तिनं तिथंच खरं सांगायला हवं होतं. ती मूग गिळून बसली.

साधा पू झाला असेल असं धरून साधंच औषध सुरू झालं. वहिनी कॉटशेजारी बसली. उतार पडेल, तिनं स्वतःला समजावलं. दहा वाजता फोड कोपराच्या वर गेले. उगाच घाबरू नये, आत्ताच तर सुई टोचलीय. साडेदहाला तो असंबद्ध बडबडायला लागला आणि नर्सनं रक्तदाब दोनदा मोजला. अकराला धाकट्यानं तिला "आई" अशी हाक मारली. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

ती उठली आणि अनवाणीच धावत सुटली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटपाशी होत्या. वहिनीनं त्यांचा दंडच धरला.

"तो खोटं बोलला. मीच त्याचा हात धक्क्याच्या पाण्यात बुडवला. पाणी घेऊ नका असा कागद आला होता, त्यावर सही केलीय मी. मला काय करायचं ते करा, पण त्याला बघा!"

डॉक्टरीणबाई एक शब्दही वाया न घालवता पळाल्या. औषधं बदलली, सर्जनला बोलावलं, पाच मिनिटांत कॉट हलली. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही कोण करणार म्हणून विचारलं, तेव्हा वहिनीनं पेन घेतलं. आयुष्यात सहीची एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती.

दुपारी तीनला सर्जन बाहेर आले. "जीव वाचलाय. हात कोपराच्या वरून काढावा लागला. हे जंतू फार वेगानं पसरतात. आल्या आल्या कळलं असतं तर कदाचित हात राहिला असता." एवढं बोलून ते गेले. त्यांना पुढचं ऑपरेशन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला नीट शुद्ध आली. चादर उजवीकडे सपाट होती, ते त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, तू काही बोलली नाहीस ना?"

"बोलले. सगळं सांगितलं."

"अगं, मी सावरून घेतलं होतं ना! आता शेड?"

"कालच सील केली. करू दे." तिला इथंच थांबता आलं असतं. त्याला काही कळलं नसतं, सर्जन त्याच्याशी ते बोललेही नसते. "धाकट्या, मी अकरा वाजता सांगितलं रे. आपण नऊला आलो होतो. दोन तास मी तुझ्याशेजारी गप्प बसून होते."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. लग्न होऊन ती त्या घरात आली त्या दिवसापासून, तिच्या बोलण्यावर तो कधीच गप्प राहिला नव्हता.