मागच्या सीटवरची तोंडं

"या सीटची स्प्रिंग मला कुठे टोचतेय, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही," सासूबाई माझ्या कानाला लागून पुटपुटल्या.

चारचौघांत म्हणजे आम्ही होतो चौघंच. स्टिअरिंगवर माझा नवरा, त्याच्या शेजारी सासरे, मागे आम्ही दोघी. गाडी अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती.

"इकडे सरकून बसा ना," मी म्हटलं.

"इकडे दाराची मूठ टोचते. गाडी बांधली की पिंजरा, देव जाणे." एवढं बोलून त्यांनी एकदम तोंड मिटलं आणि फोटोला बसावं तशा समोर बघत बसल्या. सकाळचा हुकूम आठवला असणार.

या गाडीला मी गोधडी म्हणते, अर्थात सासऱ्यांच्या माघारी. भंगारवाल्याच्या आवारात झुडपांत रुतलेली एक जुनी मोटार बापलेकांनी ओढत घरी आणली होती. लांब नाक, गोल पाठ, आत काहीही नाही. पुढची काही वर्षं दोघं मागच्या शेडमध्ये तिच्यात काही ना काही भरत राहिले. इंजिन एका डिलिव्हरी व्हॅनचं. पुढच्या सीटा मिनीबसच्या. दारांच्या मुठी जुन्या फ्रिजच्या. डॅशबोर्ड म्हणजे सासूबाईंच्या कपाटाचं दार, त्यांना न विचारता काढलेलं. त्या कपाटाला आजही पडदा लावलेला आहे. आणि मागची सीट म्हणजे आमच्या बैठकीतला सोफा, कापून मापात बसवलेला. तेव्हा सासूबाईंना टोचणारी स्प्रिंग तशी ओळखीचीच होती. फक्त आता तिला चाकं लागली होती.

रंग मात्र असा लावलाय की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. सायीसारखा पांढरा, खाली गडद हिरवा पट्टा. उगाच नावं कशाला ठेवू.

सासऱ्यांचं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. तिथले बाकीचे मेकॅनिक त्यांना 'स्टेथोस्कोप' म्हणायचे. गाडी आवारात शिरतानाच ते मान तिरकी करत आणि गाडीवाला खाली उतरायच्या आत सांगत, "प्लग बघा, दुसरा." फारच किचकट दुखणं असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला. मग डोळे मिटून उभे. सगळं गॅरेज तेवढा वेळ गप्प. शेवटी एकच शब्द यायचा, "चालेल." तो आला की गाडी बाहेर. नाही आला तर मालक कितीही घाईत असो, गाडी तिथेच.

हा नियम घरीही होता. मिक्सर, पाण्याचा पंप, छताचा पंखा, सगळ्यांना 'चालेल' मिळवावं लागे. मला सून म्हणून पसंत केलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, आणि मी ते कौतुक समजून आजवर जपलंय.

तर त्या माणसाला ऐकू येईनासं झालं होतं.

एका दिवसात नाही. हळूहळू. आधी टीव्हीचा आवाज वाढला, तेव्हा आम्ही टीव्हीच्या स्पीकरला दोष दिला. मग दारावरची घंटा बदलली, कारण जुनी म्हणे 'मरतुकडी' होती. सासूबाई आयुष्यभर प्रत्येक वाक्याची सुरुवात "अहो, ऐकलंत का" अशी करत आल्या. ते त्यांनी कधी सोडून दिलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता त्या जाऊन त्यांच्या दंडाला हात लावत आणि समोर उभं राहून बोलत. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तो एक शब्द घरातून उठून गेला, इतकंच.

शेडमध्ये माझ्या नवऱ्यानं वेगळीच युक्ती काढली होती. इंजिनचा काही आवाज आला की तो स्वतः शोधायचा आणि मग म्हणायचा, "बाबा, तुम्ही काल म्हणत होतात ना, फॅनबेल्ट ओरडतोय म्हणून?"

"म्हटलंच होतं मी," बाबा म्हणायचे. "तुम्ही लोक लक्ष कुठे देता."

असं छान चाललं होतं. मग गेल्या आठवड्यात गोधडी पहिल्यांदा गल्लीत फिरवली आणि मागून सासूबाई ओरडल्या, "अहो, हा खडखडाट कसला? डबे भरलेत का खाली?" बाबांनी इंजिन बंद केलं. गाडी ढकलत शेडमध्ये नेली, सैल राहिलेली सायलेन्सरची पट्टी आवळली आणि रात्री न जेवता झोपले.

म्हणून आज सकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर नवऱ्यानं आम्हा दोघींना स्वयंपाकघरात गाठलं. "आज कसलाही आवाज आला तरी कुणी तोंड वाकडं करायचं नाही. मी संध्याकाळी गुपचूप बघीन. उद्याच्या आत सगळं नीट करून ठेवतो."

उद्या बाबा स्वतः ही गाडी घेऊन, सासूबाईंना शेजारी बसवून, माझ्या नणंदेकडे जाणार होते. नणंदेचं घर डोंगरावर. वळणावळणाचा चढ, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा.

"तोंड वाकडं म्हणजे?" सासूबाईंनी तोंड वाकडं करून विचारलं.

"हेच," नवरा म्हणाला.

फाटकाबाहेर पडून गाडी डावीकडे वळली. नवऱ्यानं वळणाचा दिवा लावला आणि हॉर्न वाजला. दिवा बंद, हॉर्न बंद. पुन्हा दिवा, पुन्हा हॉर्न, आणि या खेपेला वायपरही एकदा फिरला. बाजूनं चाललेला सायकलवाला आमच्याकडे असं बघून गेला की मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

त्या सायकलवाल्याकडे पाहूनच बाबांना कळलं असावं. "बाजूला घे," ते म्हणाले. मग या वयात डॅशबोर्डखाली पाठ टेकून, पाय दाराबाहेर काढून आडवे झाले. आतून आवाज आला, "दोन अर्थिंगच्या वायरी एका स्क्रूखाली कुणी दाबल्या?"

"तुम्हीच," नवऱ्यानं खाली वाकून त्यांना दिसेल असं सांगितलं.

"मग बरोबरच दाबल्या असतील. स्क्रू ढिला आहे."

पुढे बाजाराच्या चौकात ते नाक वर करून म्हणाले, "पाणी जळतंय." आम्हाला कुणाला वास आला नव्हता. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या होजमधून बारीक धार इंजिनवर उडत होती. क्लिप आवळली, पाणी भरलं, रुमालाला हात पुसले. नाक शाबूत, हात शाबूत. सासूबाई अभिमानानं बघत होत्या, पण तेही सरळ तोंडानंच.

गाडी पूल ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागली. नवऱ्यानं वेग वाढवला.

आणि मागून, माझ्या बाजूच्या चाकातून, आवाज सुरू झाला. आधी घुंघुं. मग जात्यात खडे पडल्यासारखा घरघराट. नवऱ्यानं गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन मंदावलं, घरघर तशीच. म्हणजे इंजिनचा संबंध नाही. उजवीकडच्या वळणावर ती दुप्पट झाली, डावीकडे वळल्यावर जवळजवळ गेली. इतकी वर्षं याच गप्पा ऐकत जेवल्यावर मलाही एवढं कळतं. डावं मागचं चाक. बेअरिंग. आणि गेलेलं बेअरिंग तसंच दामटलं तर एके दिवशी चाक आपल्या वाटेनं जातं आणि गाडी आपल्या.

आम्ही दोघी ढिम्म. सासूबाईंनी तर कमालच केली, ओठांवर हलकंसं हसू आणलं.

बाबांच्या समोर, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, जुन्या मोटरसायकलचा एक गोल आरसा बसवलेला आहे. शोभेला, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. बाबा थोडा वेळ त्यात बघत राहिले. केस नीट करत असतील असं मला वाटलं. केस म्हणण्यासारखे फारसे नाहीत, पण माणसाला सवय असते.

"बाबा," नवऱ्यानं त्यांच्याकडे तोंड वळवून आपली युक्ती काढली, "तुम्ही परवा म्हणत होतात ना, मागच्या डाव्या चाकात काहीतरी आहे म्हणून?"

"म्हटलं असेन. मग ग्रीस भरलं ना तू?"

"भरलं, पण…"

"मग गेलं ते." बाबांनी पुन्हा आरशात पाहिलं. मान तिरकी केली. डोळे मिटले. "चालेल," ते म्हणाले.

नवऱ्यानं मागे वळून आमच्याकडे पाहिलं. ठीक आहे, संध्याकाळी बघू, असं त्या नजरेत होतं. पण बाबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव. उतर आता. मी घेतो."

"कशाला? आता घरीच तर…"

"घरी कशाला? इथून सरळच रस्ता आहे लेकीकडे. उद्यापर्यंत थांबून काय करायचंय?"

"अहो, पण माझी बॅग!" सासूबाई पुढे झुकून म्हणाल्या.

बाबा वळून त्यांच्याकडे बघत होते. "डिकीत आहे. पहाटेच ठेवली."

"आणि गोळ्या?"

"ठेवल्या."

"चष्मा?"

"तुझ्या नाकावर आहे."

झालं. बाबा स्टिअरिंगवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून तोंड उघडायची कुणाची छाती झाली असती? नवरा शेजारच्या सीटवर आला. गाडी सुटली, वेग वाढला, आणि घरघर पुन्हा सुरू झाली, आता चांगली दात खात. समोर डोंगर दिसू लागला. चढाची पहिली पाटी मागे गेली.

नवऱ्याची मान खाली होती. मग त्यानं ती वर केली आणि त्याची नजर त्या गोल आरशात गेली. तिथून त्याची नि माझी नजरानजर झाली. मी त्याचे डोळे बघत होते, तो माझे. त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

त्या सीटवरून त्या आरशात रस्ता दिसत नाही. स्वतःचा चेहराही दिसत नाही. मागच्या सीटवरची दोन तोंडं दिसतात, बस.

"बाबा," नवरा म्हणाला. बाबा रस्त्याकडे बघत होते. "बाबा, जरा थांबा." त्याहून मोठ्यानं त्याच्याच्यानं म्हणवेना. ओरडणं म्हणजे सांगून टाकण्यासारखंच होतं. स्टिअरिंगवरच्या हाताला धक्का मारायचा नाही, हे बाबांनीच त्याला लहानपणी शिकवलेलं.

सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. चेहरा मात्र तसाच, हसतमुख.

"आई," मी त्यांच्या कानात म्हटलं, "तोंड वाकडं करा."

"आँ?"

"नेहमी करता तसं. बाबांच्या समोरच्या काचेवरच्या आरशात बघा आणि करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या आरशाकडे. आणि मग सगळी सकाळ दाबून धरलेलं ते तोंड त्यांनी सोडलं. भुवया आक्रसल्या, नाक मुरडलं, ओठांचं एक टोक कानाच्या दिशेनं निघालं. मी सून म्हणून आले त्या दिवसापासून मला या तोंडाची धास्ती आहे. आज मात्र ते इतकं देखणं वाटलं म्हणून सांगू.

बाबांची नजर एकदा आरशात गेली. परत रस्त्यावर आली. पुन्हा आरशात गेली.

त्यांनी ब्रेकवर एकदम पाय दिला नाही. गिअर उतरवत, वेग मोडत, गाडी कडेच्या सपाट जागेत अलगद आणून उभी केली. कुणाशी न बोलता खाली उतरले आणि एकेका चाकापाशी जाऊन मधल्या भागाला तळहात लावत फिरले. मागच्या डाव्याला लावला तसा चटका बसून झटक्यानं मागे घेतला.

जॅक लागला. चाक अधांतरी आल्यावर त्यांनी वरखाली धरून हलवलं, तर ते दुधाच्या दातासारखं डुगडुगलं. आम्ही तिघं बाजूला ओळीनं उभे, शाळेत उभं करतात तसे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं हातातला पाना उलटासुलटा करून पाहिला. मी डोंगर पाहिला.

"पुलापासून," सासूबाई म्हणाल्या.

बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "पुलापासून. आणि तू हसत बसलीस?"

"तुमच्या लेकानं बजावलं होतं. तोंड हलवायचं नाही म्हणून."

"लग्न झाल्यापासून ही बाई माझ्या एका गाडीत सरळ तोंडानं बसली नाही," बाबा चाकाला उद्देशून म्हणाले. "आज बसली. म्हणून मी म्हटलं, चालेल."

"म्हणजे तो आरसा…" मी म्हटलं आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मग रुमाल काढून बोटं पुसत बसले, एकेक बोट, काही लागलेलं नसताना.

सासूबाई मोटारीला वळसा घालून त्यांच्यापाशी गेल्या आणि शेजारच्या दगडावर टेकल्या. वारा होता, त्यांचे केस तोंडावर येत होते. इतक्या वर्षांची सवय. जीभ थकल्यावर आपसूक जुन्या वाटेला लागते.

"अहो, ऐकलंत का," त्या म्हणाल्या, "हे चाक काही आपल्याला वरपर्यंत…" आणि आपण काय म्हणून बसलो हे कळून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

पण बाबांनी तो हात धरून खाली घेतला, तोंड दिसावं म्हणून.

"नाही," ते म्हणाले. "नाही ऐकलं. मला ऐकू येत नाही."