आमच्या घरचा नो क्लेम

गाडीच्या विम्याचा आकडा ऐकून माणसाला घाम फुटतो हे मी १९८३च्या एप्रिलमध्ये, कुवेतमधल्या आमच्या मंगफच्या फ्लॅटमध्ये, एसी चालू असताना बघितलं. घाम फुटलेला माणूस म्हणजे आमचे हे, प्रभाकर. रिफायनरीत टेक्निशियन, स्वभावाने सरळ, पण इतके चिकट की टूथपेस्टची संपलेली ट्यूब पोळपाटावर ठेवून लाटण्याने लाटतील. आकडा सांगणारा अशरफ. तो रत्नागिरीकडचा, आणि आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांचे विमे तोच उतरवायचा.

"वहिनी, पोरीचं नाव पॉलिसीवर घातलं की असंच होतं," अशरफ चहा ढवळत म्हणाला. "अठरा वर्षांचा ड्रायव्हर म्हटला की कंपनीला कापरं भरतं."

पोरगी म्हणजे आमची शर्मिला. बारावीची परीक्षा झाली होती, पहिल्याच टेस्टला लायसन्स मिळालं होतं, त्यामुळे बाईसाहेब हवेत होत्या. जूनमध्ये पुण्याला कॉलेजात जायची होती, पण सुट्टीला इथेच येणार. आणि पुढच्या वर्षी धाकट्याला अठरा पूर्ण होणार, म्हणजे हा आकडा आणखी फुगणार.

"मग नावच घालू नका," हे म्हणाले. "मुलगी टॅक्सीने जाईल."

"बाबा, दॅट्स नॉट फेअर," शर्मिला म्हणाली. आमची मुलं मराठी समजायची सगळी, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. मी मिरजेला शिकलेली नर्स, कुवेतच्या सरकारी इस्पितळात सर्जिकल वॉर्डला. बिनकागदाची गोष्ट मला चालत नाही. म्हटलं, "नाव घाला. बिननावाची चालवली आणि काही झालं, तर कुणाच्या नावाने बोंब मारणार आहात?"

नाव घातलं. मग खर्च कमी कसा करायचा यावर दोघांचा खल सुरू झाला. अशरफने बरंच काही सांगितलं. मुलांच्या हाती नवी गाडी देऊ नका, ही जुनी डॅटसनच असू दे. मोडतोड झाली तर पहिली अमुक रक्कम आम्ही भरू असं लिहून द्या, हप्ता उतरतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नो क्लेम. वर्षभर कंपनीकडे काही मागितलं नाही, तर पुढल्या वर्षी सूट. त्याच्या पुढल्या वर्षी आणखी सूट.

"तेव्हा बारीकसारीक डेंट असेल तर स्वतःच भरून टाका," अशरफ म्हणाला.

डेंट म्हणाला तो. मी माझ्या कानांनी ऐकलंय. दाराचा डेंट, मडगार्डचा डेंट. पण आमच्या यांनी त्यातून काय घेतलं ते देवाला माहीत. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर दूध पावडरचा एक रिकामा डबा आला, त्यात दहा-दहा दिनारच्या नोटा, आणि जेवताना भाषण.

"कुणाला घासलं, कुणी आपल्याला घासलं, तिथल्या तिथे मिटवायचं. पोलीस आला की रिपोर्ट. रिपोर्ट आला की क्लेम. क्लेम आला की नो क्लेम गेला. गाडीतून उतरायचं, सॉरी म्हणायचं, नोट द्यायची आणि निघायचं. एक नोट कायम पर्समध्ये हवी."

मुलांनी हे पाढ्यासारखं पाठ केलं. धाकटा तर त्यांची नक्कल करून दाखवायचा आणि आम्ही सगळे हसायचो. हसण्यासारखंच वाटायचं ते, कारण आमच्या मराठी मंडळात सगळ्यांच्याच घरी हे चालायचं. गणपतीला जमलो की बायका साड्यांचं बोलायच्या आणि पुरुष कुणाचं कितवं वर्ष नो क्लेम चाललंय त्याचं. पाच वर्षं झालेल्या माणसाला आरतीचं पहिलं ताट मिळायचं तेवढं बाकी होतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी शर्मिला कोथिंबीर आणि दही आणायला शेजारच्या फहाहीलला गेली. परत आली ती पिशवी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेली. जेवायला बसल्यावर तिने सांगितलं. बकाल्याच्या, म्हणजे वाण्याच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत वळताना एका सायकलवाल्याला गाडी लागली. तिने उतरून सॉरी म्हटलं, नोट दिली, आणि आली.

"लागलं का त्याला?" मी विचारलं.

"ही स्टुड अप, मम्मी. ही सेड ओके."

"पोलीस?" हे म्हणाले.

"नो पोलीस."

"शाब्बास," हे म्हणाले आणि तिच्या पानात श्रीखंडाचा आणखी एक चमचा घातला. मग खाली जाऊन मडगार्ड बघून आले आणि डब्यात नवी नोट टाकली.

सोमवारी सकाळी मी ड्युटीवर गेले तर माझ्या वॉर्डात नवा पेशंट. यूसुफ, पन्नाशीचा, श्रीवर्धनकडचा. बकाल्यावर सामान पोचवायचं काम करायचा. उजवा पाय घोट्यापासून काळा पडलेला, आणि वास असा की शेजारच्या कॉटवरचा माणूस तोंडाला टॉवेल लावून बसला होता. साखरेचा आजार जुना. कागदावर लिहिलं होतं, जिन्यावरून पडला.

मी वीस वर्षं जखमा बघतेय. ही जिन्याची जखम नव्हती. पोटरी लांब फाटली होती आणि आत ऑइलची काळी रेघ होती.

"यूसुफभाई," मी मराठीत म्हटलं, "जिन्यात ग्रीस कुठून आलं हो?"

मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. मग तो हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमी आपल्यातल्या हाव म्हनून सांगतो. शुक्रवारी बकाल्याच्या मागल्या गल्लीत गाडी लागली. पन लिहू नका."

"का नको? कोण होता तो हलकट?"

"हलकट नाय ओ. पोर होती. माझ्या लेकीएवढी, असमाएवढी. आपलीच, मराठी. रडत होती. मोडक्या मराठीत बोलली, अंकल, पोलिसात जाऊ नका, इस्पितळात गेलात तर ते पोलिसाला बोलावतील. बाबांचा नो क्लेम जाईल." त्याने डोकं खाजवलं. "ता नो क्लेम काय असता मला ठाव नाय. पन पोर एवढी रडते म्हंजे काय तरी मोठा नुकसान असेल. मी तिला जबान दिली. हळद भरून फडकं बांधलं नि खोलीवर पडून राहिलो. काल ताप डोक्यात गेला तेव्हा खोलीवाल्यांनी उचलून आनला."

माझ्या हातात ड्रेसिंगचा ट्रे होता, तो मी कुठे ठेवला ते मला आठवत नाही. कानात नुसता एसीचा आवाज. त्या गल्लीत त्या दिवशी दुसरी कुणी मराठी मुलगी नसेलच असं थोडंच आहे, असं मी मनाशी म्हणत होते, आणि म्हणता म्हणता मला कळत होतं की मी खोटं बोलतेय. नो क्लेम म्हणून रडणारी अठरा वर्षांची मुलगी कुवेतमध्ये माझ्याच घरात तयार झाली होती.

डॉक्टर आले, पाय बघितला आणि म्हणाले, आजच कापायचा, गुडघ्याखाली. मी विचारलं, शुक्रवारीच आला असता तर? ते म्हणाले, "तर टाके घातले असते, इंजेक्शनं दिली असती. पाय वाचला असता, सिस्टर. हे लोक येतच नाहीत वेळेवर."

हे लोक. मी ऑपरेशन थिएटरचे कागद भरले.

दुपारी घरी गेले. यांची पहिली पाळी होती, त्यामुळे हे घरी आले होते. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. हे सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "पण तो उठून उभा राहिला होता ना?"

"अहो, पाय कापताहेत त्याचा. आत्ता, या घटकेला."

"हो, हो. देऊ ना आपण त्याला. हवे तेवढे देऊ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याने जिन्यावरून पडलो असंच सांगितलंय ना?"

या माणसाबरोबर एकोणीस वर्षं संसार केला. माझ्या टायफॉइडमध्ये रात्रंदिवस उशाशी बसणारा माणूस हा. मला तो ओळखूच येईना.

मी अशरफला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, विमा अशाच माणसासाठी असतो. पायाची भरपाई कंपनीकडून मिळेल, चांगली मिळेल, त्याची पोरंबाळं खातील. पण पोलीस रिपोर्ट हवा. रिपोर्ट नाही तर एक फिल्ससुद्धा नाही. आणि पोरीवर केस होईल. निघून गेली ना ती तिथून." पुन्हा तो म्हणाला, "नाव होतं की तिचं पॉलिसीवर. लायसन्स होतं. घाबरायचं काय कारण होतं?"

मी फोन ठेवला आणि वळले तर दारात शर्मिला. सगळं ऐकलेलं. पांढरीफटक.

"बट आय सेटल्ड इट, मम्मी," ती म्हणाली. "आय डिड एव्हरीथिंग बाबा सेड."

माझा हात उठला होता. तो तसाच खाली आला. काय मारणार होते मी तिला? बापाने सांगितलेलं एक अक्षर पोरीने चुकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला आम्ही तिघं वॉर्डात गेलो. यांच्या खिशात पाकीट होतं, जाड. गाडीत सगळ्या वाटेने हे एकच समजावत होते. पोरीचं कॉलेज आहे. एकदा पोलिसात नाव गेलं की संपलं. आपण यूसुफला कंपनी देईल त्याच्यापेक्षा जास्त देऊ, हप्त्याहप्त्याने देऊ. मी विचारलं, "आणि उद्या तुमची नोकरी गेली तर? त्याचा पाय हप्त्याहप्त्याने परत येणार आहे का?" शर्मिला मागे बसून काचेतून बाहेर बघत होती.

यूसुफने तिला लांबूनच ओळखलं. आधी त्याने चादर ओढली आणि जिथे पाय नव्हता तिथे उशी सरकवली, पोरीला दिसू नये म्हणून. मग माझ्याकडे, यांच्याकडे बघितलं आणि त्याला सगळं उमगलं.

"सिस्टर, ही तुमची?" तो म्हणाला. मग घाईघाईने तिला म्हणाला, "बेटा, मी कोनाला काय बोललो नाय हां. सिस्टरला बोललो तेवढाच. मला माहीत नवता. तुझ्या बाबांचा नुकसान नाय ना झाला?"

हे खिशातून पाकीट काढत होते, ते अर्धवटच राहिलं. शर्मिला कॉटच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होती. मग ती वळली आणि चालू लागली. मी तिच्या मागे, हे माझ्या मागे. वॉर्ड, जिना, लांबलचक पॅसेज. कॅज्युअल्टीच्या दाराशी अपघाताच्या केसेस नोंदवायला एक पोलीस बसलेला असतो, तिकडे ती निघाली होती.

"शर्मिला, थांब," हे मागून म्हणाले. "मी सांगतो, मी चालवत होतो. ऐक माझं. तू काही बोलू नकोस."

ती थांबली. यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांची माझी पोर, एका शब्दासाठी माझ्या तोंडाकडे बघतेय. मी नाही म्हटलं असतं तर ती घरी आली असती, जूनमध्ये पुण्याला गेली असती, आणि यूसुफ कुबड्या घेऊन रिकाम्या हाताने श्रीवर्धनला गेला असता. हे इतकं सोपं होतं.

"जा," मी म्हटलं.

पोलीस बदू, म्हणजे वाळवंटाकडच्या टोळीतला होता, वयाने शर्मिलाहून फार मोठा नसावा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला वॉर्डात ऐकून ऐकून अरबी येतं, म्हणून तो मला म्हणाला, तू विचार आणि मला सांग. शर्मिला बोलत गेली. सगळं मराठीत बोलली, एकही इंग्रजी वाक्य नाही. गाडी कशी वळली, तो कसा पडला, रक्त किती होतं. रक्त किती होतं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. एकेक वाक्य मी अरबीत सांगत गेले, इस्पितळात दुसऱ्याच्या मुलांचं सांगते तसं, आवाज न हलू देता.

"त्याच दिवशी का नाही आली?" पोलिसाने विचारलं.

मी विचारलं. शर्मिला म्हणाली, "घरी तसंच शिकवलं होतं."

हे माझ्या शेजारी उभे होते. यांना अरबी येत नव्हतं, पण शर्मिलाचं वाक्य यांनी ऐकलं होतं. यांनी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि वाक्य जसंच्या तसं अरबीत सांगितलं.

पोलिसाचा हात थांबला. त्याने मान वर करून विचारलं, "कोणी शिकवलं?"

हा प्रश्न मी शर्मिलाला विचारला नाही. मी माझं ओळखपत्र पर्समधून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "आई-वडिलांनी. लिही."