सतरा नंबरची पिशवी

“हात धू आधी! नखांत अख्खं शेत घेऊन आलीये कार्टी!” आईचा हा आवाज तिच्या कानात अजून घुमायचा आणि तिला फिस्सकन हसू यायचं. कारण पुढे नखांतल्या त्या शेतावरच तिचं पोट भरलं. मातीतले जिवाणू हुडकता हुडकता तीस वर्षं सरली. प्रयोगशाळेत सगळे तिला मातीमावशीच म्हणत.

निवृत्तीला चार महिने उरले आणि एका काचेच्या बशीत टिकलीएवढा निळाशार ठिपका उगवला. सतरा नंबरच्या पिशवीतली, टेकडीमागच्या खाणीतली माती. असा निळा जिवाणू आजवर कुणी नोंदवला नव्हता! बशी हातात धरून मावशीने गिरकीच घेतली.

“निळ्या गं लेकी, मातीच्या कुशी,
तीस वर्षांनी आलीस कशी?”

शोधपत्रिकेने मात्र कळवलं, त्याच जागेतून पुन्हा मिळवून दाखवा, मगच छापू.

झालं! दर रविवारी मावशी खुरपं घेऊन खाणीत, आणि मागून पिशव्या सांभाळत नवरा. तो शिंपी. मातीच्या सगळ्या पिशव्या त्यानेच शिवलेल्या. “माझी शिवण हत्तीने ओढली तरी उसवायची नाही,” असं तो भेटेल त्याला सांगायचा. हल्ली मात्र खाणीत आला की गप्प.

साठ बशा झाल्या. पांढरे ठिपके आले, पिवळे आले, एक तर चक्क गुलाबी. निळं काही येईना.

“अहो, लेक रुसली आपली,” मावशी दगडावर बसत म्हणाली. ती हसत होती, पण डोळे भरले होते. “उद्या पत्र लिहून टाकते. माझंच चुकलं असेल, शोध मागे घेते.”

“नको गं, लिहू नकोस!” शिंपी टोपी काढून चुरगाळू लागला. “तुझं नाही चुकलं. ती सतरा नंबरची... घरी उसवली. तळातून.”

“काय?”

“शिवण गेली. सगळी माती केरात. शिंप्याची शिवण उसवली म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?”

“अहो, मग मी प्रयोगशाळेत नेली ती कुठली माती?” मावशी ताडकन उठली. ओठ हसायच्या बेतात थरथरत होते.

“आपल्या गॅलरीतल्या कोरफडीच्या कुंडीतली,” तो पुटपुटला. “म्हटलं, माती ती माती, कुणाला कळतंय!”