दहा जुलैपर्यंत

सुमती समुद्रपूरच्या शाळेत तीन वर्षांपासून इंग्रजी शिकवत होती. वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला. जागा कायमची की कुणाच्या रजेपुरती, हे जाहिरातीत नव्हतं. १९५४ च्या जुलैत, दोन तारखेला, शाळेचे चिटणीस प्रभाकरराव यांच्या सहीचं इंग्रजी पत्र आलं. रुजू व्हा, असं त्यात होतं आणि 'दहा जुलै' या तारखेच्या आधी 'टिल' हा शब्द होता.

म्हणजे काम दहापर्यंत चालणार आणि संपणार. दहाच्या आत या म्हणायचं असतं तर 'बाय' हवा होता. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत' चालतं, इंग्रजीत चालत नाही. हेच ती दर वर्षी आठवीच्या मुलींकडून घोटून घ्यायची.

तिने आईला अर्थ सांगितला. रुख्माबाई म्हणाली, "आठ दिसाच्या कामासाठी हातची नौकरी काऊन सोडून राह्यली?"

तरी तिने पत्र टाकून विचारलं, दहानंतर काम आहे का. उत्तर आलं नाही. तेराला रजा टाकून ती प्रवासी मोटारीने वर्ध्याला गेली.

प्रभाकररावांनी बसायलाही सांगितलं नाही. जागा अकरालाच दुसऱ्या बाईंना दिली होती. सुमतीचं पत्र त्यांना मिळालं होतं. नोकरी मागणाऱ्याने असल्या चौकशा करू नयेत, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवून दिलं होतं. सुमतीने त्यांचं पत्र टेबलावर ठेवून 'टिल'वर बोट ठेवलं. पंधरा वर्षं आपण असंच लिहितो, आजवर सगळे वेळेवर आले, असं ते म्हणाले.

"आणि तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका ना? एवढं समजलं नाही?"

"इंग्रजी येतं म्हणूनच समजलं नाही," सुमती म्हणाली. चूक तुमची आहे, तेवढं कागदावर लिहून द्या, असं तिने सांगितलं. त्यांनी शिपायाला हाक मारून बाईंना फाटक दाखवायला सांगितलं.

घरी आल्यावर आईने काय झालं म्हणून विचारलं, तर ती आईवरच उखडली. तूच जाऊ नको म्हणालीस, तुझ्यापायी जागा गेली. रुख्माबाई भाकरी थापत राहिली. अर्थ आपणच सांगितला होता, हे सुमतीला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे राग जास्तच चढला आणि ती न जेवता उठली.

दुसऱ्या दिवशी तिने ती शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष अण्णाजी यांना तीन पानी तक्रार लिहिली, मराठीत. उत्तर सप्टेंबरात आलं. जागा भरली असल्याने प्रकरण मिटलं आहे, एवढंच होतं.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत पुन्हा जागा निघाली. सुमतीने पुन्हा अर्ज केला आणि नेमणुकीचं पत्र मराठीत मिळावं, अशी अट घातली. त्यांनी मुलाखतीलाही बोलावलं नाही. तिने त्याच आठवड्यात दुसरी तक्रार लिहिली.